गडव्याखालचा हुकूम

प्रल्हादभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. मंगळवारची सकाळ होती. पलीकडून त्यांच्या मंडळी, सुमनवैनी, बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. अंगणात तोंड धुता धुता खाली बसले आणि उठलेच नाहीत. मग एकदम म्हणाल्या, "डाव तसाच हाय." मला क्षणभर त्यांचा रागच आला. माणूस गेला आणि ही बाई डावाचं काय सांगते? पण खोटं कशाला बोलू, त्यांच्याआधी माझ्याच मनात येऊन गेलं होतं की गडव्याखाली त्यांची चिठ्ठी आहे. स्वतःची लाज वाटली. तोंडावरचा साबण पुसला, स्कूटर काढली आणि चिखलीहून उंद्रीला निघालो.

हा डाव म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर दोन म्हातारे पत्ते कुटत होते असं वाटायचं. प्रल्हाद इंगळे हे मोजणी खात्यातले भूमापक. तालुक्यातल्या निम्म्या धुऱ्यांची, म्हणजे शेताच्या बांधांची, भांडणं त्यांच्या मोजणीच्या साखळीने मिटवलेली. नोकरीत असतानाच त्यांना एक नाद लागला होता. खामगावच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात टेबलावर जुन्या लढाया कशा खेळायच्या ते दिलं होतं. टेबलावर खरं मैदान उभं करायचं, डोंगर, नाला, गाव, सगळं मापात. त्यावर दोन फौजा मांडायच्या. कोण किती चालेल, तोफ कुठवर पोचेल, याचे नियम ठरलेले, आणि नशिबाच्या वाट्याला फासे. इंग्रजी बेताचं, पण भाऊंनी शब्दकोश घेऊन ते पुस्तक चार महिन्यांत फोडलं. मग घराची पुढची खोली त्या टेबलाने जी अडवली, ती आजतागायत.

माझी ओळख झाली ती त्यांच्या बकरीमुळे. मी तेव्हा उंद्रीच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो. हुद्दा पट्टीबंधकाचा, पण गाव सरसकट डॉक्टर म्हणायचं आणि मीही कधी कुणाचं तोंड धरलं नाही. बकरीला टोचून हात धुवायला आत गेलो, तर खोलीभर रणांगण. चिंचोके अर्धे रंगवून पुठ्ठ्यावर उभे चिकटवलेले, ते पायदळ. ज्वारीच्या धांड्याचा पांढरा गाभा कोरून केलेले घोडे, बोटाच्या पेराएवढे. रिकाम्या रिफिलचे तुकडे म्हणजे तोफा. मी बघतच राहिलो. भाऊंनी माझ्या ओल्या हाताकडे टॉवेल धरला आणि विचारलं, "डॉक्टर, घोडा एका दमात किती पळते?"

"भरधाव म्हणाल तर फार नाही. माणूस अंगावर, सामान अंगावर, वर ऊन. मैलभर रेटलं की छाती फुलते. पुढं नेलं तर पडन."

"आन् लढाईत?"

"लढाई असो की लगन असो, घोडा घोडाच असते."

ते हसले. मग म्हणाले, "रविवारी ये बे. मले असाच मानूस पाह्यजे." मी त्या रविवारी गेलो आणि पुढची एकतीस वर्षं जात राहिलो. माझ्या घरचे म्हणायचे की एवढ्या नेमाने मी नोकरीवरही गेलो नाही, आणि ते खरंच आहे.

आमचे काही रिवाज होते. इतिहासात जी बाजू हरली ती नेहमी भाऊ घेणार. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जितल्याच्या बाजूनं उभे राह्यनारे गावात लय हायेत." दुसरा रिवाज हुकमाचा. जुन्या काळी सेनापतीचा निरोप स्वार घेऊन जायचा, पोचायला वेळ लागायचा. म्हणून एका रविवारी एकच फेरी खेळायची, आणि उठण्याआधी दोघांनी आपापल्या फौजेला पुढच्या फेरीचा हुकूम चिठ्ठीवर लिहायचा. चारदा घडी घालायची आणि टेबलाच्या कोपऱ्यातल्या पितळी गडव्याखाली, म्हणजे पाण्याच्या तांब्याखाली, ठेवायची. आठवडाभर ती कुणी उघडायची नाही, बदलायची तर नाहीच. मग सोमवारपासून शनिवारपर्यंत आपण काय लिहून बसलो याचा पस्तावा करत हिंडायचं. मी कित्येकदा गाईला टोचताना सुई हातात धरून थांबलेलो आहे, की अरे, डावी पलटण नाल्यात कशाला उतरवली आपण!

गावात चेष्टा व्हायचीच. एकदा विहारातून परतताना कुणीतरी भाऊंना टोकलं, की बुद्धाचं नाव घेता आणि घरी बसून लढाया करता? भाऊ म्हणाले, "आमच्या लढाईत चिंचोके पडतात न बे. आन् पडलेले पुन्हा उभे राह्यतात. अशी लढाई जगात दुसरी असन तं दाखव." चिंचोक्यांवरून आठवलं. त्यांच्या आई होत्या तेव्हाची गोष्ट. रंगवायला काढून ठेवलेली अख्खी पलटण म्हातारीने तव्यावर भाजली आणि शेजारणींना वाटली. भाऊ आईला एक शब्द बोलले नाहीत. वहीत मात्र नोंद केली, की दोनशे जवान कामास येण्यापूर्वीच खर्ची पडले.

भांडणंही कडाक्याची झाली. सगळ्यात मोठं झालं ते मेलेल्या सेनापतीवरून. एका डावात फासे असे पडले की माझा सेनापती तोफेच्या गोळ्याने पडला. त्यांची चिठ्ठी आधी उघडली होती, माझा हुकूम अजून गडव्याखालीच होता. भाऊ म्हणाले, सेनापती गेला, हुकूम रद्द. मी उसळलो. म्हटलं, स्वार निघाला आहे, तो रस्त्यात आहे, त्याला काय माहीत मागे धनी पडला म्हणून? तो पोचणारच. ते ऐकेनात. मी चप्पल घातली आणि दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतः नियमांची वही घेऊन दवाखान्यात आले. बाहेर एक बैल पाय धरून बसला होता, त्याला ओलांडून आत आले आणि वही माझ्यापुढे धरली. सतराव्या क्रमांकावर नवा नियम होता: 'सेनापती पडला तरी निघालेला हुकूम पोचेल.' खाली त्यांची सही. "तू करतं का सही, का बैलाचा अंगठा घेऊ?" मी सही केली.

मी मात्र त्यांच्याकडून एक नियम शेवटपर्यंत मिळवू शकलो नाही, तो घोड्यांच्या दमाचा. माझं म्हणणं, दोन फेऱ्या भरधाव गेल्यावर घोडदळाची ताकद निम्मी धरली पाहिजे. भाऊंना ते पटायचं नाही. म्हणजे पटत असावं, पण सोसायचं नाही, कारण हरणाऱ्या बाजूकडे बहुतेक वेळा एक घोडदळच उरायचं. "तुये घोडे सरकारी हायेत डॉक्टर. माहे घोडे जिवावर पळतात," असं म्हणून ते सगळा रिसाला पुढे घालायचे. आणि हरायचे. दरवेळी त्याच उमेदीने घालायचे आणि दरवेळी हरायचे. मग चहा पिताना माझ्याकडे पाहून म्हणायचे, "पन दिसलं कसं भारी!"

गेल्या दहा वर्षांत आमचं एकच मैदान होतं, साखरखेर्डा. आपल्याच जिल्ह्यात, मराठ्यांच्या मदतीने निजाम एका मोगल सुभेदाराशी लढला आणि जिंकला, ती लढाई. ती आजूबाजूच्या लोकांना ठाऊक नाही याचं भाऊंना फार वाईट वाटायचं. मी निजाम, ते सुभेदार. मैदान त्यांनी एका जुन्या नकाशावरून उतरवलं होतं. रस्त्याच्या कामासाठी कुण्या इंग्रज इंजिनियराने काढलेला नकाशा, त्यात सगळी अंतरं साखळीत. साखळी म्हटल्यावर भाऊंना आणखी काय हवं? त्यांची सारी हयात साखळी ओढण्यात गेलेली. पहिल्या नऊ वर्षांत त्यांनी माझ्या निजामाला दोनदा हरवलं आणि ते दोन्ही दिवस वहीत लाल शाईने लिहून ठेवले.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एका रविवारी गेलो, तर टेबल झाकलेलं. भाऊ खुर्चीत बसून होते, चेहरा उतरलेला. मला वाटलं तब्येत बिघडली. म्हणाले, "डॉक्टर, मी चुकलो बे. नऊ वर्षं चुकलो." मी म्हटलं, झालं तरी काय? तर म्हणाले, "आपली साखळी तेहतीस फुटाची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. हे मले झोपेतून उठवलं तरी सांगता येते. आन् त्या साहेबाची साखळी होती सहासष्ट फुटाची! नकाशाच्या कोपऱ्यात बारीक लिवलं होतं, मी पाह्यलंच नाही. साखळी म्हनल्यावर मले पाहाची गरजच वाटली नाही." म्हणजे नाल्यापासून माझ्या तोफांपर्यंतचं अंतर आमच्या टेबलावर खऱ्याच्या निम्मं होतं. त्यांचा रिसाला जिथे दोन फेऱ्यांत येऊन धडकायचा, तिथे चार लागायला हव्या होत्या. मी हसायला लागलो. दुसऱ्या कुणाची ही चूक झालीच नसती, साखळी न ओढलेल्या माणसाने मुकाट्याने कोपऱ्यातलं वाचलं असतं. पण ते हसले नाहीत. वही काढली आणि लाल शाईतल्या दोन्ही विजयांवर स्वतःच्या हाताने काट मारली. "खोट्या जमिनीवरची जीत काय कामाची?" मी म्हणालो, राहू द्या हो, कुणाला कळणार आहे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. ही गोष्ट फक्त त्यांना कळली होती आणि त्यांनी ती दडवली नाही. माझ्या आठवणीत ते त्या दुपारी सर्वांत मोठे दिसले.

मग चार महिने खपून त्यांनी मैदान नव्याने उभं केलं. लांबी दुप्पट झाली. टेबल पुरेना, तेव्हा नाल्याच्या अलीकडचा भाग वैनींच्या शिलाई मशीनवर गेला. वैनींनी आधी तोंड भरून बोलून घेतलं आणि मग मशीन रिकामं करून दिलं. त्यानंतर रोज झाडझूड करताना त्या फौजेवरची धूळही चित्रकाराच्या ब्रशने झटकायच्या. रविवारी आम्ही खेळत असलो की लसूण सोलत तिथेच बसायच्या. त्या नुसत्या बसतात असं आम्हाला वाटायचं.

नव्या जमिनीवरचा पहिला डाव रंगात आला होता. भाऊंचा सगळा रिसाला नाल्याच्या पलीकडे, मशीन सोडून माझ्या टेबलावर येऊन उभा होता. समोर लांबच लांब मोकळं रान आणि शेवटाला माझ्या तोफा. शेवटच्या रविवारी त्यांनी चिठ्ठी लिहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घेऊन. घडी घातली, गडव्याखाली ठेवली. मी माझी ठेवली. दोन दिवसांनी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बरीच माणसं आली. ज्यांचे धुरे त्यांनी मोजले होते, असे दोन जुने वैरी एका सतरंजीवर बसलेले मी पाहिले. कार्यक्रम आटोपल्यावर नाशिकहून आलेली त्यांची मुलगी वर्षा मला खोलीत घेऊन गेली. पोर समजूतदार आहे. म्हणाली, "काका, आई आता एकटी. मी तिला काही दिवस नेईन म्हणते. हे सगळं आवरून ठेवू का? पाहून पाहून ती रडते." मी काही बोलण्याआधी दारातून वैनी म्हणाल्या, "डाव संपला की आवरू. अर्धा डाव उचलला तं ते मले सपनात येऊन बोलतीन." वर्षाने ते ऐकलं. डाव संपला की टेबल निघणार, असं तिघांत ठरल्यासारखं झालं.

आणि मी जायचं टाळू लागलो. कारण त्या चिठ्ठीत काय असणार हे मला पाठ होतं. एकतीस वर्षांत त्यांनी दुसरं काही लिहिलंच नव्हतं. रिसाला पुढे! आणि या जमिनीवर पुढे म्हणजे सरळ मरण. चार फेऱ्यांचं मोकळं रान, समोर सगळ्या तोफा माझ्या. चिठ्ठी उघडली की पहिल्याच फेरीत त्यांची फौज कापली जाणार, डाव संपणार आणि टेबल निघणार. तेही माझ्या हाताने. चिठ्ठी बंद होती तोवर माझ्यासाठी भाऊंची खेळी बाकी होती... एक माणूस, ज्याची खेळी बाकी आहे, तो पुरता गेला असं कसं म्हणायचं? पाच रविवार मी चिखलीतच काढले. घरच्यांना सांगितलं, गुडघा दुखतो.

सहाव्या आठवड्यात वैनींचाच फोन आला. "भाऊजी, काऊन येऊन नाही राह्यले?"

मी गुडघ्याचं सांगितलं.

"गुडघा नाही, चिठ्ठी दुखून राह्यली तुमाले. मले समजत नाही का? ह्यायच्या वहीतल्या नियमात काय लिवलं हाय? सतरावा वाचा. सही कोनाची हाय त्याच्यावर?"

ज्या नियमासाठी मी दोन रविवार रुसून बसलो होतो, त्याच नियमाने आता माझं बखोट धरलं होतं. निघालेला हुकूम पोचेल. तो वाटेतच होता, सहा आठवडे वाटेत होता, आणि दार अडवून मी उभा होतो. त्या रविवारी गेलो. खोली झाडलेली, घोड्यांवर धुळीचा कण नाही. भाऊंचं स्टूल होतं तिथेच होतं. वैनी लसणाचं सूप मांडीवर घेऊन बसल्या. मी गडवा उचलला. आधी माझी चिठ्ठी वाचली: तोफा जागेवर, बत्ती तयार. मग त्यांची उलगडली. ते मोजणीच्या नकाशावर लिहायचे तसं बारीक, सरळ अक्षर.

'रिसाला मागे. नाल्याच्या अलीकडे, सगळे एकत्र. एकही घोडा पुढे जाणार नाही. अंतर जास्त आहे, घोडे थकतील.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वैनींना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं, 'घोडे थकतील'पर्यंत. एकतीस वर्षं ज्या एका गोष्टीवर ते माझं ऐकत नव्हते, ती लिहून गेले होते. मला बरं वाटावं म्हणून नव्हे, तो त्यांचा स्वभावच नव्हता. जमीन खरी मोजली, तेव्हा त्यांना ते दिसलं आणि दिसलं म्हणून लिहिलं. वैनींनी डोळ्यांना पदर लावला, पण लगेच सूप खाली ठेवून उठल्या. "मंग हलवा न. हुकूम आला हाय." आम्ही दोघांनी मिळून धांड्याचे घोडे एकेक करून उचलले आणि नाल्याच्या अलीकडे, शिलाई मशीनवर, नेऊन उभे केले. एकही पडला नाही. माझ्या तोफा नुसत्याच रोखलेल्या राहिल्या.

मी मोजून पाहिलं. त्यांची फौज पूर्ण शाबूत होती, पुढे नाला होता, मागे गाव होतं. इतक्या वर्षांत त्यांची बाजू इतक्या चांगल्या जागी कधी नव्हती. उलट माझ्याच तोफांना आता ते सगळं रान ओलांडून जावं लागणार होतं. वैनी वाकून सगळं न्याहाळत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे डाव संपला नाही."

"नाही वैनी."

"मंग ह्यायच्या फौजेले पाहीन कोन आता?"

वैनींनीच मग भाऊंचं स्टूल ओढलं, त्यावर बसल्या, भाऊंचं पेन घेतलं आणि हाताचा आडोसा करून लिहू लागल्या. मला दिसू नये म्हणून चांगल्या तिरक्या झाल्या होत्या. लिहून झाल्यावर घडी घातली, एक, दोन, तीन, चार, अगदी त्यांच्यासारखी. चिठ्ठी गडव्याखाली सरकवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमीबी लिवा. आन् लपून लिवा, मले सगळं दिसते." मग आत जाऊन त्यांनी नाशिकला फोन लावला. मला बाहेर ऐकू येत होतं. "वर्षा, येईन मी तुयाकडे, हाव, येईन. पन रविवार सोडून."

वैनींनी काय लिहिलं आहे याचा मी सोमवारपासून विचार करतोय. घोडे त्या पुढे घालणार नाहीत असं वाटतं. पण त्या नाल्याच्या वळणावर उजवीकडे एक उतार आहे, भाऊंना तो डावात कधी सुचला नाही, आणि मशीन त्यांचंच असल्यामुळे त्या तिथेच वर्षभर बसून होत्या... काल मी गुडघ्याला तेल लावलं आणि स्कूटरची हवा भरून आणली. पितळी गडव्याखाली एक हुकूम ठेवलेला आहे, आणि या रविवारी तो पोचणार आहे.